मानेतली लीड आणि काळं पडत चाललेलं बोट: एका हाताचं प्रकरण

त्या बाई आमच्या पेन क्लिनिकला, म्हणजे दुखण्यावर उपचार करतो त्या दवाखान्यात, आल्या तेव्हा जवळजवळ चार महिने पलंगावर आडव्या झाल्याच नव्हत्या. रात्री खुर्चीत बसायचं, उजवा हात बाजूला खाली लोंबता सोडायचा आणि जेवढा डोळा लागेल तेवढा लागू द्यायचा. हात खाली सोडला की ठणका कमी होतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, सवयीने कळलं होतं. असं काही ऐकलं की मी फाइल उघडायच्या आधीच सावध होतो, कारण हात खाली सोडल्याशिवाय बोटांच्या टोकाला पुरेसं रक्त पोचत नाहीये असा त्याचा अर्थ, आणि ही अवस्था 'थंडीत बोटं पांढरी पडतात' याच्या खूप पुढची असते.

वय ४६, शिवणकाम करायच्या, तंबाखू किंवा सिगारेट कधीच नाही. साधारण ९ वर्षांपूर्वी स्क्लेरोडर्माचं, म्हणजे कातडी आणि रक्तवाहिन्या कडक-जाड करणाऱ्या आजाराचं, निदान झालं होतं, त्यातला लिमिटेड प्रकार, म्हणजे कातडी बोटांची, हातांची आणि चेहऱ्याची कडक झालेली पण पाठ-पोट बऱ्यापैकी मऊ. बोटांचा रंग पांढरा, मग निळा, मग लाल होणं हे तर निदानाच्याही कितीतरी आधीपासून. तपासलं तेव्हा उजव्या मधल्या बोटाचं टोक काळं, सुकलेलं, तर्जनीवर दोन जखमा, अनामिकेच्या कडेला एक. डाव्या हाताला ताजी जखम नव्हती पण टोकांवर जुन्या जखमांचे खड्डे होते. दुखणं किती म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "दहापैकी नऊ लिहा डॉक्टर, दहा मी रात्रीसाठी ठेवलेत." आणि लगेच दुसरं वाक्य, "बोट कापलं तरी चालेल पण झोप येऊ दे." त्याआधी एका ठिकाणी त्यांना तर्जनी आणि मधलं बोट दोन्ही एकदमच काढून टाकू असं सांगितलं गेलं होतं आणि त्या जवळजवळ तयार झाल्या होत्या. मला याचा खरंच राग आला, कारण तर्जनीत अजून जीव होता, नख दाबून सोडलं की हळू का होईना रंग परत येत होता.

इथे थोडं मागे जातो नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. थंडीने किंवा ताणाने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात हे मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली आपल्या प्रबंधात लिहिलं, म्हणून त्याला रेनॉ म्हणतात. बहुतेकांचा रेनॉ साधा असतो, मागे दुसरा आजार नसतो, वाहिन्या आवळतात आणि परत सुटतात, बोटाला कायमचं काही होत नाही. पण स्क्लेरोडर्मात दोन गोष्टी एकदम चालतात, वाहिनी आवळते हे आहेच आणि शिवाय तिची भिंतच आतून जाड होत जाते, म्हणजे सुटली तरी पूर्वीएवढी मोकळी होतच नाही. यातला आवळण्याचा भाग औषधाने किंवा मज्जारज्जूजवळ ठेवलेल्या लीडमधून, म्हणजे बारीक तारेतून, दिलेल्या करंटने सोडवता येतो, आतून बुजलेला भाग कुठल्याही करंटने उघडत नाही. म्हणून या बाईंच्या बाबतीत खरा प्रश्न एवढाच होता की अजून सुटण्यासारखं किती शिल्लक आहे.

अँजिओग्राफीत मनगटापर्यंतच्या दोन्ही धमन्या चालू दिसल्या, तळहातातली कमान अर्धवट आणि बोटांच्या बारीक वाहिन्या जागोजागी निमुळत्या. खांद्याजवळ कुठे अडथळा नाही, हृदयातून गुठळी सुटून आलेली नाही, हे बघून घेतलं, कारण एकाच हाताला जास्त त्रास असेल तर हे आधी शोधायलाच हवं, तिथे अडथळा सापडला तर उपचाराचा रस्ताच बदलतो. इथे तसलं काही नव्हतं आणि बायपास जोडायला पलीकडे वाहिनीही नव्हती.

वाहिन्या सैल करणारी औषधं सगळी झाली होती. निफेडिपिनचा डोस वाढवला की बीपी पडायचं आणि चक्कर यायची, सिल्डेनाफिल चालू होतं, नवीन जखमा होऊ नयेत म्हणून बोसेंटान चालू, ॲस्पिरिन चालू. इलोप्रोस्टची ड्रिप तीनदा झाली होती, रोज सहा तास असे पाच दिवस, ड्रिप चालू असताना डोकं फुटायची वेळ यायची आणि मळमळायचं, पण नंतर तीन-चार आठवडे बरे जायचे. तिसऱ्या वेळी मात्र दोनच आठवडे. वाहिन्या आवळणाऱ्या सिम्पथेटिक नसांच्या मानेतल्या गाठीत भुलीचं इंजेक्शन (ब्लॉक) दिलं तेव्हा हात एक दिवस गरम राहिला आणि दुसऱ्या दिवशी जैसे थे. बऱ्याच फाइलींमध्ये अशा नोंदी 'उपाय फेल' म्हणून पडलेल्या असतात पण मी त्या उलट्या वाचतो. इलोप्रोस्टने दोन आठवडे आणि ब्लॉकने एक दिवस हात गरम होतो म्हणजे वाहिन्या अजून सुटू शकतात, टिकत नाही एवढंच. जर या दोन्हींनी ढिम्म फरक पडला नसता तर पुढचं काही सुचवताना मी दहादा विचार केला असता.

हँड सर्जनशी बोललो. बोटांच्या धमन्यांभोवतीचे सिम्पथेटिक धागे सोलून काढायचं ऑपरेशन असतं, पण त्यासाठी तळहातावर कापावं लागतं आणि या कातडीवर ती चीर भरेल याची खात्री त्यांना नव्हती, मलाही नव्हती.

आणि एक गोष्ट माझ्याकडून उशिरा झाली ती सांगतो. तिसऱ्या भेटीत त्यांच्या पिशवीतून गोळ्यांची एक पट्टी निघाली, प्रोप्रॅनोलॉल, छातीत धडधडतं म्हणून कधीतरी सुरू केलेलं, आणि आमच्या कोणाच्याच यादीत नव्हतं. ही गोळी बीटा ब्लॉकर गटातली, आणि बीटा ब्लॉकरने रेनॉ वाढू शकतो. मी पहिल्याच दिवशी 'सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवा' म्हणायला हवं होतं. आता प्रत्येकाला म्हणतो, आणि सर्दीच्या गोळ्या आणि मायग्रेनच्या गोळ्या वेगळ्या विचारतो कारण त्यातल्या काही वाहिन्या आवळतात आणि लोक त्यांना औषध समजतच नाहीत. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ती गोळी हळूहळू कमी करत बंद केली. थोडा फरक पडला, दुखणं नऊचं आठवर आलं, पण जखमा तिथेच. पुढे करंटच्या मशीनची जी आठवडाभराची ट्रायल घेतली तिच्या दोन महिने आधीची ही गोष्ट आहे, मुद्दाम सांगतोय, नाहीतर गोळी बंद केल्याचं श्रेय आम्ही मशीनला दिलं असं वाटेल.

स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन म्हणजे मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला, त्याच्या आवरणाच्या बाहेर, एक बारीक लीड सरकवायची आणि तिच्यातून अगदी हलका करंट द्यायचा. वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच अडवता येतो ही गेट कंट्रोलची कल्पना मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडली आणि १९६७ मध्ये नॉर्मन शीली यांनी पहिल्यांदा असा इलेक्ट्रोड माणसात बसवला, दुखण्यासाठी. रक्तपुरवठ्याचं पुढे लक्षात आलं, दुसऱ्या कारणासाठी इलेक्ट्रोड बसवलेल्या पेशंटचे पाय गरम व्हायला लागले, आणि १९७६ मध्ये कुक आणि सहकाऱ्यांनी हातापायांच्या रक्तवाहिन्यांच्या आजारात याचा वापर लिहिला. हे होतं कसं तर दोन रस्ते मानले जातात. एक, वाहिन्या आवळणारे सिम्पथेटिक संदेश कमी होतात. दोन, संवेदनेच्या बारीक नसांमधून उलट्या दिशेने संदेश जातो आणि त्यांच्या टोकाशी सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं, त्याच्यामागून नायट्रिक ऑक्साइड, आणि दोन्हींनी वाहिन्या सैल होतात. म्हणजे नस साधारण ज्या दिशेने बातमी वर नेते त्याच्या उलट दिशेने इथे आपण तिच्याकडून काम करून घेतो. मला हे आजही विलक्षण वाटतं.

पुरावा किती आहे हे मी त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला समोरासमोर बसून स्पष्ट सांगितलं. पायांचा रक्तपुरवठा गंभीरपणे कमी झालेल्यांवर चाचण्या झाल्यात, कॉक्रेनच्या (झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) आढाव्यात सहा अभ्यासांतले साधारण ४५० पेशंट आहेत आणि वर्षअखेर पाय वाचण्याचं प्रमाण स्टिम्युलेटर लावलेल्यांत सुमारे ११ टक्क्यांनी जास्त दिसलं, पण त्याबरोबर गुंतागुंतही जास्त. हाताच्या बाबतीत मात्र बहुतेक सगळं लहान लहान मालिकांवर आणि एकेका पेशंटच्या नोंदींवर चाललंय. काळं पडलेलं टोक परत गुलाबी होणार नाही, मूळ आजार बरा होणार नाही, हेही सांगितलं. त्यांच्या नवऱ्याने विचारलं, "मग नक्की मिळणार काय?" मी म्हटलं, तर्जनी आणि अनामिका वाचायची शक्यता, आणि झोप, आणि हे खरंच मिळतंय का ते कायमचं मशीन बसवायच्या आधी आठवडाभर तपासून बघता येतं. या शेवटच्या मुद्द्यामुळेच मला हा उपाय पटतो, ऑपरेशन करून मग बघू असं इथे नसतं.

तारीख ठरली आणि तर्जनीच्या जखमेत पू दिसला. दोन आठवडे पुढे ढकललं. त्या खूप नाराज झाल्या, रडल्यासुद्धा, पण अंगात कुठेही जंतू चालू असताना मणक्याजवळ बाहेरची वस्तू ठेवणं म्हणजे जंतूंना घर देणं, त्यात त्यांना इम्युनिटी दाबणारं औषध चालू होतं. त्याच काळात मानेचा एमआरआय करून मज्जारज्जूभोवती लीडला जागा आहे का ते बघितलं, हृदयाचा इको केला कारण या आजारात फुफ्फुसाच्या धमनीतला दाब वाढलेला असू शकतो, आणि रुमॅटॉलॉजिस्टशी (स्क्लेरोडर्मासारख्या आजारांच्या डॉक्टरांशी) बोलून ॲस्पिरिन आठवडाभर आधी थांबवलं. मानेच्या मणक्यात रक्तस्राव झाला तर हातपाय जाऊ शकतात, तिथे कसलीही घाई नको.

प्रोसिजरच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण या गोष्टी पुस्तकात एका ओळीत असतात आणि टेबलावर अंगावर येतात. ऑपरेशन थिएटरचा एसी हाच पहिला शत्रू, थंड खोलीत त्यांची बोटं पाच मिनिटांत पांढरीफटक झाली असती, म्हणून खोली आधीपासून गरम ठेवली, हातांना कापसाची गुंडाळी आणि अंगावर गरम हवेचं ब्लँकेट. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा क्लिप रीडिंगच देत नव्हता, बोटात रक्तच नाही तर देणार कुठून, तो कानाच्या पाळीला लावला. सलाइन पायाला लावलं, हातांना सुई टोचायचीच नाही असं ठरवलेलं. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं म्हणून गाढ भूल देणं धोक्याचं, आणि तशीही भूल नकोच होती, करंट दिल्यावर मुंग्या कुठे येतात हे त्यांनीच सांगायचं होतं. पालथं झोपवलं तर ॲसिड वर येईल म्हणून टेबलाची डोक्याकडची बाजू थोडी उंच.

लोकल भूल देऊन पाठीच्या वरच्या भागात, छातीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामधून सुई घातली आणि एक्स-रे बघत लीड वर सरकवत मानेच्या चौथ्या मणक्याच्या वरच्या कडेपर्यंत नेली. पहिल्यांदा करंट दिला तर खांदा फडफडला, लीड बाजूला नसेच्या मुळाकडे गेली होती. मागे घेऊन मध्यावर आणली. मग दंडात, मग मनगटापर्यंत, आणि मग त्या म्हणाल्या, "आता तीन बोटांत आलं, मुंग्या आल्यात पण या वेगळ्या आहेत, दुखऱ्या नाहीत." ५० हर्ट्झवर ठेवलं आणि करंट त्यांना जेमतेम जाणवेल एवढाच. बाहेरच्या खोलीत आल्यावर तासाभरात नर्सने मला बोलावलं, तर्जनी हाताला कोमट लागत होती. सकाळी खोलीचं तापमान २४ अंश असताना तिचं २४.५ होतं, म्हणजे बोट आणि टेबल सारखंच. संध्याकाळी तेच बोट २९ वर.

पण एका संध्याकाळवर मी विश्वास ठेवत नाही. गरम खोली, झोपून राहणं, काहीतरी होतंय ही आशा, यानेही बोट गरम होतं. ट्रायल सात दिवस चालवली आणि रोज सकाळी त्याच खोलीत, तेवढाच वेळ बसवून तापमान घेतलं. जखमा सात दिवसांत भरत नाहीत, त्यामुळे जखमेवरून निर्णय घ्यायचाच नाही, दुखणं, झोप आणि तापमान एवढंच बघायचं. तिसऱ्या दिवशी त्रास झाला, मान खाली घातली की एकदम झटका बसल्यासारखं व्हायचं. मानेत हे होतंच, मान हलली की मज्जारज्जू आणि लीडमधलं अंतर बदलतं. लीडवरच्या ज्या बिंदूंतून करंट जातो त्या कॉन्टॅक्टची जोडी बदलली, मान खाली घालताना करंट कमी करायला रिमोटवर शिकवलं, त्यांच्यासारखी शिवणाऱ्या बाईची मान दिवसभर खालीच असणार हे मला आधी सुचायला हवं होतं.

पाचव्या दिवशी त्यांच्या परवानगीने मशीन बंद केलं. पहिले तीन-चार तास काहीच नाही आणि मी मनातून हललो, म्हणजे हे सगळं मनाचंच होतं की काय. संध्याकाळपासून ठणका परत आला, रात्री त्या पुन्हा खुर्चीत बसल्या, तापमान २६ च्या खाली. सकाळी चालू केलं. करंट बंद केल्यावरही परिणाम काही तास रेंगाळतो, त्यामुळे अर्धा तास बंद करून 'काही फरक नाही' असा निष्कर्ष काढणं चूक आहे. अर्थात मुंग्या जाणवतात त्यामुळे मशीन चालू की बंद हे पेशंटला कळतंच, प्लासिबो, म्हणजे नुसत्या आशेने वाटणारा फरक, पूर्ण बाजूला काढता येत नाही, पण दुखणं आठवरून तीनवर आणि झोप दोन तासांवरून साडेपाचवर, शिवाय बोटाचं तापमान त्याच दिशेने, एवढं एकत्र जुळल्यावर मी कायमच्या मशीनसाठी हो म्हणालो.

ट्रायलची लीड काढून तीन आठवडे थांबलो. ते तीन आठवडे वाईट गेले, चौथ्याच दिवशी दुखणं पूर्वीसारखं. मग कायमच्या दोन लीड, मध्याच्या दोन बाजूंना, आणि बॅटरी कमरेखाली नितंबाच्या वरच्या भागात, तिथली कातडी मऊ होती म्हणून, कडक कातडीखाली बॅटरी ठेवली तर जखम उघडायची भीती. चार्ज होणारी बॅटरी घेतली पण आधी चार्जर त्यांच्या हातात देऊन बघितला, आखडलेल्या बोटांनी तो नीट धरता येतो का, नसता आला तर दुसरी घेतली असती. एमआरआय चालणारं मॉडेल घेतलं, या आजारात पुढे कधी लागेल सांगता येत नाही.

पाचव्या आठवड्यात फोन आला की मुंग्या फक्त डावीकडे येतात. एक्स-रे काढला तर उजवी लीड साधारण एका मणक्याएवढी खाली सरकलेली. लीड सरकणं हा या उपचाराचा सगळ्यात नेहमीचा बिघाड, आणि त्यांनी सांगितलं की वरच्या फळीवरचं काहीतरी काढायला हात वर केला होता. सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही हे आम्ही कागदावर लिहून दिलं होतं, पण माणूस घरात एवढं कुठे लक्षात ठेवतं, तेव्हापासून मी घरच्यांना रोजच्या लागणाऱ्या वस्तू आधीच खाली आणून ठेवायला सांगतो. नशीब असं की त्या लीडच्या वरच्या दोन कॉन्टॅक्टवर करंट हलवल्यावर मुंग्या परत उजव्या बोटांत आल्या आणि पुन्हा कापावं लागलं नाही.

तिसऱ्या महिन्यात तर्जनीच्या दोन्ही जखमा भरल्या, अनामिकेची त्याआधीच. मधल्या बोटाचं काळं टोक हिरवं-ओलं न होता सुकत गेलं आणि जिवंत-मेल्याची रेष स्पष्ट झाल्यावर सर्जनने फक्त तेवढंच काढलं, शेवटच्या पेराचा अर्ध्याहून कमी भाग. ती जखम भरायला सात आठवडे लागले, साध्या माणसाला एवढे लागत नाहीत, पण भरली. सिल्डेनाफिल आणि बोसेंटान चालूच आहे, निफेडिपिनचा डोस थोडा कमी करता आला आणि चक्कर गेली. त्या दोन बोटं काढायला निघाल्या होत्या तिथे अर्धं पेर गेलं, हे मी यश मानतो. पण हेही मनात येतं की मधल्या बोटाचं टोक काळं पडायच्या आधीच, पहिली इलोप्रोस्ट टिकेना तेव्हाच कोणीतरी आमच्याकडे पाठवलं असतं तर तेही गेलं नसतं कदाचित. हाताच्या या आजारात आमच्याकडे लोक बोट काळं पडल्यावर येतात, कारण पेन क्लिनिक म्हणजे सगळं संपल्यावरचं ठिकाण असं डॉक्टरांनाही वाटतं.

वर्ष झालं. पहिल्या थंडीत डाव्या तर्जनीवर एक छोटी जखम झाली, महिन्याभरात भरली, त्या हाताचा करंट थोडा वाढवला. हातमोजे अजून लागतात, थंड पाण्यात हात घालायचा नाही हे अजून आहे. दुखणं साधारण दोन-तीन, वाईट दिवशी पाच. मागच्या भेटीत त्यांनी विचारलं की उन्हाळ्यात मशीन रात्री बंद ठेवलं तर चालेल का, चार्जिंग वाचेल. बघू म्हटलं, आठवडाभर तापमान लिहून ठेवा. दोन रात्री ठीक गेल्या, तिसऱ्या रात्री बोटं परत आखडली आणि त्यांनी स्वतःच चालू केलं. आता रात्री कमी करंटवर चालू असतं आणि त्या पलंगावर झोपतात, उजव्या कुशीवर मात्र अजून नाही, तो हात अंगाखाली येईल अशी भीती वाटते म्हणतात.